ओझ्याने हलायचं नाही

माणूस हलका होत गेला की उचलायला जड होतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण आमच्या ह्यांचं तसंच झालं.

हे म्हणजे माझा नवरा. उभा जन्म ह्यांनी लोकांचं सामान हलवलं. कपाटं, पलंग, फ्रीज, एकदा तर कुणाचा तरी पियानो, आणि तोही चौथ्या मजल्यावरून. खांद्यावरून जाड पट्टा घ्यायचा, गुडघ्यात बसायचं आणि उठायचं. मी घरी शिवणकाम करायचे. ह्यांच्या पँटी मीच शिवायचे आणि मांडीला कापड नेहमी जास्त लागायचं. तयार पँट ह्यांना कधी बसलीच नाही. कापडवाला म्हणायचा, बाई, घरात नवरा आहे की खांब?

त्या खांबाला मागच्या थंडीत कफ झाला. छाती भरली, इस्पितळात ठेवलं, आज सोडतील उद्या सोडतील करता करता थंडी सरली. घरी आले तेव्हा छाती साफ होती, डॉक्टर खूश होते, आणि ह्यांना खुर्चीतून उठता येत नव्हतं. हाडं ठीक, डोकं ठीक, फक्त ताकद गेलीय, असं डॉक्टर म्हणाले. फक्त! आजार घोड्याच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. आमच्याकडे ती मुंगी काही फिरकली नाही. मी ह्यांच्या पँटी आत घ्यायला बसले. कंबर घेतली, ते एक वेळ ठीक. पण मांडीभोवती टेप फिरवला, आणि परत फिरवला, कारण मला वाटलं मीच चुकीचं वाचतेय. मग चष्मा काढून ठेवला.

तेव्हापासून मी ह्यांना उचलायला लागले. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, बाथरूममधून परत खुर्चीत. दिवस म्हणजे एवढंच. कसं उचलायचं ते ह्यांनीच शिकवलं. कपाटाच्या वरून जुना पट्टा काढायला लावला, स्वतःच्या कमरेभोवती बांधून घेतला.

"पाठ नको वाकवू गं. गुडघ्यात बस. ओझं छातीशी घे. हां, आता ऊठ."

आणि मी उठायचे. सत्तरी उलटलेली बाई, हाताला सवय सुईदोऱ्याची, पण उठायचे. हे हनुवटी छातीला लावून, हात पोटाशी घेऊन, डोळे मिटून बसायचे. एक बोट हलवायचे नाहीत. मला वाटायचं, बिचाऱ्यांच्या अंगात काही उरलंच नाही. खुर्चीत टेकवलं की डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "पक्की हमाल झालीस तू." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. ह्यांच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

पण शाबासकीने कंबर धरत नाही. दिवसेंदिवस हे सुकत चालले आणि दिवसेंदिवस मला जड जायला लागले. एका सकाळी ह्यांना खुर्चीतून अर्धं वर घेतलं आणि माझ्या कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. हे माझ्यावर, मी खुर्चीवर, खुर्ची भिंतीवर, आणि शेवटी दोघंही जमिनीवर. लागलं कुणाला नाही. पण उठताही कुणाला येईना. भिंतीला पाठ लावून पाय पसरून दोघं बसलो. टेबलावर फोन वाजत होता, वाजून वाजून थांबत होता.

"चहा टाकलास का?" ह्यांनी विचारलं.

"हो, टाकला आणि पाठवला. येतोय चालत," मी म्हटलं.

हसलो आम्ही. मग हसू संपलं, आणि फोन तेवढा परत वाजायला लागला.

फोन आमच्या मुलीचा होता. चिमी. नाव कधीचं मागे पडलं, पन्नाशीला आलीय तरी चिमीच. शाळेत शिकवते. उचलत नाही म्हटल्यावर वर्ग सोडून धावत आली, तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि आम्हाला तसं पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. शेजाऱ्यांना हाक मारून आम्हाला उचलून बसवलं, चहा केला, कप धुतले. तिचं गप्प राहणं मला ठाऊक आहे. लहानपणीही काही ठरवलं की ती आधी भांडी घासायची.

दोन दिवसांनी आली ती ठरवूनच. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक शुश्रूषागृह आहे, बाग आहे, नर्स आहेत, ह्यांच्यासाठी एक पलंग मिळतोय. फक्त ह्यांच्यासाठी. मी हिंडतीफिरती आहे, मला तिथे घेत नाहीत.

"डॉक्टरांनी तुझी कंबर बघून ओझं उचलायची बंदी केलीय आई. उद्या तू अंथरुणाला खिळलीस तर मी दोघांना कुठे ठेवू? माझ्याकडे दोन खोल्या आणि चार माणसं."

तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. म्हणून तर मला तिचा जास्त राग आला.

"ह्यांना विचारलंस?" मी म्हटलं.

हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. "उचलून नेतील तिथे जायचं," म्हणाले. "माझं काय."

मी ह्यांच्या अंगावर खेकसले, "तोंड आवरा. तुम्हाला काय विकायला काढलंय?" या माणसाच्या घोरण्यावर मी जन्मभर बोंब मारली. ते घोरणं नसलेली खोली डोळ्यांपुढे आली आणि मला ती नको झाली. एवढंच. बाकी मोठं काही नाही माझं म्हणणं.

शेवटी चिमी थोडी वाकली. तो पलंग उन्हाळा संपेपर्यंत धरून ठेवतील म्हणाली. तोवर बाबा आपले आपण खुर्चीतून उठून बाथरूमपर्यंत गेले, कुणी हात न लावता, तर राहू देत घरी. नाही जमलं तर आई, मी तुझं ऐकणार नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असाच प्रकार, आणि तोही बापाचाच.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीची बाई पाठवली. चिमीपेक्षा कितीतरी लहान, केस आखूड, पायात पळायचे बूट. मी मनात म्हटलं, ही आता हवेत हात फिरवायला लावणार आणि पैसे घेऊन जाणार. पण ती आली आणि काहीच करेना. नुसती बसली. चहा घेतला, ह्यांच्याशी पियानोच्या गप्पा मारल्या. मध्येच मुद्दाम केलं की चुकून, तिचं पेन ह्यांच्या पायापुढे पडलं. हे वाकले, पेन उचललं, परत ताठ बसले.

ती ह्यांच्या मांडीकडे बघत होती.

"आजी, आता नेहमीसारखं उठवा बघू यांना. थोडंसंच, मी धरते." मी पट्ट्याला हात घातला. तिने ह्यांच्या मांडीवर पंजा ठेवला. मी ओढायला लागले तशी तिने कपाळाला आठ्या घातल्या. "थांबा. आजोबा, तुम्ही अंग का सोडता?"

"म्हणजे?" हे म्हणाले.

"पेन उचलताना पायात जोर होता. आजींनी हात लावला की जातो. तुम्ही सोडून देता सगळं."

"मग?" ह्यांनी असं विचारलं की जणू बाईला साधी गोष्ट कळत नाही. "ओझ्याने हलायचं नसतं."

मग ह्यांनी तिला नीट समजावलं, आणि मी पट्टा हातात धरून ऐकत राहिले. कधीकधी सामानाबरोबर माणूसही उतरवायला लागायचा, आजारी, म्हातारा, खुर्चीसकट. एकदा असाच एक जाडजूड गृहस्थ होता. ह्यांना मदत करावी म्हणून त्याने मध्येच जिन्याच्या कठड्याला हात घातला. झालं, तोल गेला. ह्यांचा जोडीदार, लंबू म्हणायचे त्याला, त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. तेव्हापासून खुर्चीतल्या माणसाला पहिला दम हाच. कपाट व्हा. श्वास घ्या, बाकी काही करू नका. ओझं गप्प राहिलं तरच उचलणारा वाचतो.

"आणि ही तर एकटी उचलते," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "कंबर हिची अशी. मी मध्येच जोर लावला आणि ही पडली तर? म्हणून मी मनाशी पक्कं ठरवून ठेवलं. अजिबात हलायचं नाही."

अहो, इतके महिने! मी समजत होते ह्यांच्यात जीव नाही म्हणून मी उचलतेय. हे समजत होते मला सोपं जावं म्हणून आपण मेल्यासारखं पडावं. मी जितकी उचलत गेले तितके हे सुकत गेले, आणि सुकत गेले तितकी मी आणखी उचलत गेले. दोघंही एकमेकांना जपत होतो. असं जपणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

"शहाणेच आहात!" मी ओरडले. "मला सांगायचं नाही?"

"तू कुठे विचारलंस?" हे म्हणाले.

बाई हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "पायांना काम मिळालं नाही की पाय झडतात. पण परत भरतात, या वयातही भरतात. हळू भरतात आणि फुकट भरत नाहीत. जड वाटेल असंच काम द्यायला लागेल, आणि मग विश्रांती, आणि मग परत. सोडलंत की गेलं." माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि आजी, तुम्ही हात लावायचा नाही. तुम्हालाही व्यायाम आहे."

"मी काय पाप केलंय?"

"कंबर दुखते ना? मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या. आणि खुर्चीत धपकन बसायचं नाही, सावकाश टेकायचं."

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. कंटाळवाणे गेले. ह्यांना बाथरूमला न्यायला तोवर शेजारी यायचे. खुर्चीवर उशा रचून ती उंच केली, उंचावरून उठणं सोपं म्हणून. हे पाय मागे घ्यायचे, पुढे वाकायचे, आणि तिथेच थांबायचे. थांबून माझी वाट बघायचे. मुद्दाम नाही, अंगालाच सवय. मी समोर स्टुलावर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसायचे, कारण मोकळे ठेवले की ते आपोआप पट्ट्याकडे जायचे. ज्या दिवशी व्यायाम त्या दिवशी हे चिडलेले, ज्या दिवशी विश्रांती त्या दिवशी अंग दुखतंय म्हणून चिडलेले. रोज अंडी खाऊन ह्यांचं तोंड विटलं. "मला कोंबडी करून सोडणार तू," म्हणायचे. मी ओट्याला धरून टाचा वरखाली करायचे आणि म्हणायचे, कोंबडी तरी उठते सकाळी आपली आपण.

एकदा तर मीच हरले. दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या मला वाटलं, नेऊ दे. बाग आहे, नर्स आहेत, मला झोप मिळेल. असं स्पष्ट वाटलं मला, आणि वाटल्याचं वाईटही वाटलं नाही, इतकी थकले होते. हे माझ्याकडे बघत होते. नुसते परत पुढे वाकले.

उशा कमी होत गेल्या. टेप फिरवला तेव्हा मांडीला किंचित फरक होता. मी चष्मा पुसून परत बघितलं, होता. हे उशीवरून उठायला लागले, कधी दोन झटक्यांत, कधी तीन, आणि उठले की भिंतीला धरून चालायला लागले. पण उशीशिवाय नाही. उशी काढली की हे वाकायचे, थरथरायचे आणि तिथेच अडकायचे. बाई म्हणाली, "ताकद आलीय. निघायचं कधी हे त्यांच्या अंगाला कळत नाहीय." ती एक-दोन-तीन म्हणायची. ह्यांना त्या एक-दोन-तीनचा उपयोग शून्य.

उन्हाळा सरला आणि चिमी आली. रविवार होता. पर्समध्ये शुश्रूषागृहाच्या माणसाचा नंबर, आज हो किंवा नाही कळवायचं. तिने स्वतःच उशी काढून पलंगावर ठेवली. तिचा हात हळुवार होता, मी पाहिलं.

"चला बाबा," ती म्हणाली.

हे पुढे वाकले. थरथरले. परत मागे टेकले. दुसऱ्यांदा वाकले, या वेळी हात खुर्चीच्या दांड्यांवर, मानेच्या शिरा फुगल्या. परत मागे. तिसऱ्यांदा अर्धे वर आले आणि तिथे लटकले. चिमीला बघवेना.

"राहू दे बाबा, राहू दे," म्हणत तिने ह्यांच्या काखेत हात घातला. हात लागला मात्र, हनुवटी छातीला गेली, डोळे मिटले, सगळं अंग सैल. कपाट. चिमी त्या ओझ्यासकट खुर्चीवर कोसळता कोसळता वाचली.

"हात काढ!" मी ओरडले. "काढ म्हणते ना!"

"आई, तू बघतेयस ना? का छळतेस त्यांना?" आता ती रडत होती.

मला जे सुचलं ते मी ठरवून केलेलं नाही. ह्यांच्यासमोर बसून मी इतके दिवस बघत होते. पण हे जन्मभर पुढचा गडी होते. पुढच्याच्या पाठीवर ओझं असतं, मान खाली, त्याला समोरचं काही दिसत नाही. बोलतो तो मागचा. लंबू मागे असायचा, तो बोलायचा आणि हे उचलायचे. आमच्या या घरात आम्ही आलो तेव्हा माझं शिलाई मशीन दोघांनी असंच वर आणलं होतं आणि मी जिन्यात उभी राहून ऐकलं होतं. लंबू गेल्याला आता किती वर्षं झाली. तेव्हापासून ह्यांच्या मागे उभं राहून कुणी बोललेलं नव्हतं.

मी खुर्चीच्या मागे गेले. हात पाठीशी बांधले, म्हणजे चुकूनही पुढे जायला नकोत.

"नग काय आहे?" मी विचारलं. उचलायच्या आधी लंबू हेच विचारायचा. नग म्हणजे सामानातली एक वस्तू, कपाट आहे, फ्रीज आहे, जे असेल ते.

ह्यांची पाठ मला दिसत होती, तोंड नाही. चिमी तोंडाला रुमाल लावून आमच्याकडे बघत होती, आईबापाचं डोकं एकाच दिवशी फिरलं असं तिला वाटलं असणार.

"एक म्हातारा आहे," हे म्हणाले.

"जड आहे?"

"होता."

माझा आवाज फुटणार होता, पण फुटू देऊन चालणार नव्हतं. मागच्याचा आवाज हलला की पुढच्याचा पाय हलतो, हे ह्यांनीच मला सांगितलेलं. मी घसा खाकरला.

"पाय मागे. पाठ सरळ. दम घे." लंबू ह्यांना अरे-तुरे करायचा. मी जन्मात ह्यांना एकेरी हाक मारली नव्हती. "घेतलास? आता... हं, घे!"

आणि ह्यांनी घेतला. एका दमात, मध्ये न अडकता, दात ओठ खाऊन, तोंडातून तोच जुना हुंकार काढत हे वर गेले. गुडघे लटपटत होते, पँट ढगळ लोंबत होती, मी आत घेतलेल्या शिवणी मला मागून दिसत होत्या. पण हे उभे होते. मी विसरले होते ह्यांची उंची किती आहे ते. मान वर करायला लागली मला.

"डावा पाय," मी म्हटलं. "आता उजवा. सरळ. पुढे उंबरा आहे, सांभाळ."

बाथरूमच्या दाराशी हे पोचले आणि चौकटीला धरून थांबले. चिमीने डोळे पुसले, पर्समधून फोन काढला आणि खिडकीशी गेली. "नाही, सध्या नको," ती कुणाला तरी सांगत होती. तिने सध्या म्हटलं ते मी ऐकलं. बरोबरच आहे तिचं. उद्या परत हेच करायचं आहे, परवा अंगदुखी, तेरवा परत हेच. सोडलं की गेलं. एवढं सगळं डोळ्यांपुढे आलं. ह्यांची खुर्ची रिकामी होती, मी तिच्यात बसले. धपकन बसले, सावकाश वगैरे काही नाही. खुर्ची अजून गरम होती. रडू आलं ते मी येऊ दिलं.

मागचा गप्प झाला की पुढच्याला हलता येत नाही. हे चौकटीशी तसेच पाठमोरे थांबले होते, खांदे थरथरत होते.

"अगं, बोल की," हे म्हणाले. "ठेवू का खाली?"

मी डोळे पुसले.

"नको," मी म्हटलं. "इतक्यात नको."